समुद्रात नेण्यासाठी संकट-बीकन कोणता घ्यावा? डायव्हर आणि बोटवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संकट-बीकन म्हणजे अडचणीतल्या माणसाची किंवा बोटीची जागा रेडिओवरून सांगणारं छोटं यंत्र. दुकानात गेलात की किंमत, वजन आणि किती मीटरपर्यंत पाणी शिरत नाही यावर बोलणं सुरू होतं. त्याच्या आधी एक गोष्ट ठरवायला हवी: ही हाक ऐकणार कोण, आणि तो तुमच्यापासून किती लांब असेल? खालची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाला धरून आहेत.

ईपर्ब, पीएलबी आणि एआयएस बीकन यांत फरक काय?

ईपर्ब बोटीच्या नावावर असतो, पीएलबी माणसाच्या. दोन्ही ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना हाक देतात. ईपर्ब पाण्यात स्वतः उभा तरंगतो आणि चालू झाल्यावर किमान ४८ तास सिग्नल देतो. पीएलबी खिशात मावतो, हाताने चालू करावा लागतो आणि किमान २४ तास चालतो.

एआयएस म्हणजे बोटी एकमेकींना आपली जागा रेडिओवरून कळवतात ती व्यवस्था. एआयएस बीकन उपग्रहांना हाक देत नाही. तो आसपासच्या बोटींच्या चार्टप्लॉटरवर (समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावर) तुमची खूण उमटवतो, म्हणजे ज्यांच्याकडे एआयएस रिसीव्हर आहे त्यांच्याच. बोटीवरून पडलेल्या माणसाच्या एआयएस बीकनचा क्रमांक ९७२ ने सुरू होतो, त्यामुळे पडद्यावर तो नेहमीच्या बोटीसारखा दिसत नाही. यातली काही यंत्रं सोबत व्हीएचएफच्या (बोटीवरच्या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओच्या) चॅनल ७० वर डीएससी, म्हणजे डिजिटल, हाकही देतात, आणि जवळच्या डीएससी रेडिओचा भोंगा वाजतो.

थोडक्यात, पहिली दोन यंत्रं लांबच्या बचाव यंत्रणेला उठवतात, तिसरं शेजारच्या नाखव्याला.

४०६ चा बीकन चालू केल्यावर पुढे नेमकं काय घडतं?

साधारण ५० सेकंदांच्या अंतराने अर्ध्या सेकंदाचा एक झटका ५ वॅट ताकदीने वर जातो. कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह तो पकडतात. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी ही व्यवस्था उभी केली आणि तिचा पहिला उपग्रह १९८२ मध्ये वर गेला. भारतात हा संदेश बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात, म्हणजे इंडियन मिशन कंट्रोल सेंटरमध्ये उलगडला जातो. तिथून तो तटरक्षक दलाच्या सागरी बचाव समन्वय केंद्राकडे जातो. महाराष्ट्र आणि गोव्याच्या समुद्रासाठी हे केंद्र मुंबईत आहे.

बीकनमध्ये जीपीएस असेल आणि त्याला आकाश दिसत असेल, तर साधारण शंभर मीटरच्या अचूकतेने जागा कळते. जीपीएस नसेल तर उपग्रह डॉप्लरवरून, म्हणजे लहरीच्या वारंवारतेत होणाऱ्या बदलावरून, अंदाज काढतात, तो काही किलोमीटर इकडेतिकडे असू शकतो. पाच किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात एक डोकं शोधणं म्हणजे काय, हे समुद्रावर गेलेल्याला सांगायला नको. जीपीएस नसलेला पीएलबी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

इशारा पोचायला हल्ली बहुधा काही मिनिटंच लागतात. मदत पोचायला मात्र अंतराएवढा वेळ लागतोच. किनाऱ्यापासून १०० किलोमीटरवर असाल, तर २० नॉट (ताशी साधारण ३७ किलोमीटर) वेगाच्या बोटीला पावणेतीन तास धरा, आणि तेही ती लगेच निघाली तर.

मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डायव्ह करतो. मला बीकन हवाच का?

नाही. तिथे पाणी उथळ, डायव्ह मास्टर सोबत, बोट डोक्यावर आणि किनारा नजरेत असतो. त्या पैशात आधी चांगला एसएमबी घ्या, म्हणजे पाण्यावर उभा राहणारा लांब नारिंगी फुगा, किमान दीड-पावणेदोन मीटरचा. जोडीला शिट्टी, छोटा आरसा आणि टॉर्च. बीसीडीच्या (डायव्हरच्या हवा भरायच्या जॅकेटच्या) फुगवणीच्या नळीला जोडायची हवेवर वाजणारी शिट्टी मिळाली तर उत्तमच. तोंडाने फुंकायची शिट्टी दमलेल्या माणसाला फार वेळ वाजवता येत नाही.

एसएमबी विकत घेऊन पिशवीत ठेवणारे बरेच भेटतात. तो पाच-सहा मीटरवरून रीलच्या दोरीने वर सोडायचा सराव नसेल, तर ऐन वेळी दोरी रेग्युलेटरच्या (तोंडाने श्वास घ्यायच्या यंत्राच्या) नळीत गुंतते आणि माणूस फुग्यासोबत वर ओढला जातो.

आणि आंग्रिया बँक, नेत्राणी किंवा अंदमानला?

इथे उत्तर बदलतं. आंग्रिया बँक विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. पाण्याखालचं हे प्रवाळांचं पठार जवळजवळ ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद असून त्याचा वरचा भागही साधारण २० मीटर खोल आहे. वर आलात की चहूकडे फक्त पाणी, जमिनीची एकही खूण नाही. मोबाइलला रेंज नाही.

अशा जागी खरा धोका बोट बुडण्याचा कमी आणि डायव्हर वाहून जाण्याचा जास्त. पाणी दीड नॉटने ओढत असेल तर ४० मिनिटांत तुम्ही एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर लांब गेलेले असता. मीटरभराच्या लाटांत एवढ्या अंतरावरून माणसाचं डोकं दिसत नाही. फुगासुद्धा मधूनमधूनच दिसतो.

तुम्हाला सर्वात लवकर उचलू शकते ती तुमचीच बोट. म्हणून आधी बोटीला थेट हाक देणारं एआयएस-डीएससी यंत्र, आणि बोटच अडचणीत असेल तर उपग्रहाला हाक देणारा पीएलबी. एकच परवडत असेल, तर निघण्याआधी बोटवाल्याला विचारा: ‘तुमच्याकडे एआयएस रिसीव्हर किंवा डीएससी व्हीएचएफ आहे का, आणि आम्ही पाण्याखाली असताना तो चालू असतो का?’ उत्तर ‘हो’ असेल आणि त्यांनी तो दाखवला, तर एआयएस-डीएससी. उत्तर गुळमुळीत आलं तर पीएलबी.

मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी किनाऱ्यापासून साधारण २० किलोमीटरवर आहे. तिथेही हाच विचार लागू पडतो, फक्त मदत लवकर पोचते. अंदमानात बेटाजवळ डायव्ह असेल तर मालवणचं उत्तर, बेटांपासून लांबच्या बँकेवर (पाण्याखालच्या पठारावर) असेल तर आंग्रियाचं.

एआयएस बीकन किती लांबून ऐकू येतो? डब्यावर तर मोठे आकडे असतात.

ते आकडे उंच अँटेनासाठी असतात. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वीची गोलाई आडवी येते. हिशोब सोपा आहे: दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि २.२ ने गुणा. उत्तर नॉटिकल मैलांत येतं.

पाण्यात तरंगणाऱ्या डायव्हरची अँटेना फार तर ३० सेंटिमीटर वर असते. वर्गमूळ ०.५५. डायव्ह बोटीची अँटेना २ मीटरवर, वर्गमूळ १.४१. बेरीज १.९६, म्हणजे ४.३ नॉटिकल मैल, साधारण ८ किलोमीटर. मालवाहू जहाजाची अँटेना १६ मीटरवर असेल तर १० नॉटिकल मैल. हा कमाल आकडा आहे. लाटेच्या खळग्यात अँटेना गेली की तो निम्म्यावर येतो, म्हणून डायव्ह बोटीसाठी ४ किलोमीटर धरून चला. बोटवाल्याने अँटेना डोलकाठीच्या टोकावर, ६ मीटरवर नेली तर हाच कमाल आकडा साडेसहा मैलांवर जातो. नवीन यंत्र घेण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त.

पीएलबी घेऊन ३० मीटर खाली जाता येतं का?

नुसता पीएलबी घेऊन नाही. बाजारातले बहुतेक पीएलबी ५ ते १५ मीटरपर्यंतच पाणी रोखतात, कारण ते बोटीवरच्या आणि डोंगरावरच्या माणसांसाठी बनवलेले असतात. खाली न्यायचा तर डायव्हिंगसाठीचा बंद डबा लागतो, तुमच्या कमाल खोलीपेक्षा बऱ्याच जास्त खोलीसाठी प्रमाणित असलेला.

डबा फसतो तो बहुधा ओ-रिंगमुळे, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यामुळे. वाळूचा एक कण किंवा एक केस रिंगखाली आला की दाबाखाली पाणी आत शिरतं. प्रत्येक ट्रिपआधी रिंग काढा, बोटावर फिरवून चीर पडली आहे का बघा, खाच कोरड्या कपड्याने पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. ग्रीस थापलं तर त्यालाच वाळू चिकटते. पहिल्या डायव्हला डब्यात पीएलबीऐवजी कोरडा टिश्यू पेपर ठेवून खाली जा. तो कोरडा वर आला तर दुसऱ्या डायव्हला यंत्र ठेवा.

नॉटिलस लाइफलाइनसारखी यंत्रं डायव्हरसाठीच बनवली आहेत. झाकण बंद असताना ती १३० मीटरपर्यंतचा दाब सोसतात, वेगळा डबा लागत नाही. पण ती एआयएस-डीएससीवर चालतात, उपग्रहावर नाही. हा फरक न कळता घेणारे खूप आहेत. आणि डीएससीने स्वतःच्या बोटीला हाक जावी असं वाटत असेल, तर बोटीच्या रेडिओचा नऊ अंकी ओळख क्रमांक (एमएमएसआय) यंत्रात आधी भरावा लागतो.

पाण्याखालूनच बटण दाबलं तर?

काही उपयोग नाही. खाऱ्या पाण्यातून या लहरी जात नाहीत, जीपीएसही लागत नाही. आधी वर या, बीसीडी पूर्ण फुगवा, मग यंत्राला हात लावा.

लाटांमध्ये पीएलबी प्रत्यक्षात कसा चालवायचा?

बीसीडी फुगवून तोंडात रेग्युलेटर राहू द्या. आधी फुगा वर करा आणि शिट्टी वाजवा, कारण बोट दोनशे मीटरवर असेल तर एवढ्यावर काम होतं. बोट दिसत नसेल किंवा पाठ करून लांब चालली असेल, तर यंत्र बाहेर काढा. त्याची दोरी आधी बीसीडीच्या डी-रिंगला अडकवा, मगच डबा उघडा. हातातून सुटलेलं यंत्र लाटेत परत सापडत नाही.

अँटेना पूर्ण उलगडा. बटण सांगितलेल्या वेळेइतकं दाबून धरा आणि दिवा लुकलुकतोय याची खात्री करा. मग यंत्र छातीच्या वर, अँटेना उभी आकाशाकडे ठेवून धरा. हाताची बोटं जीपीएसच्या खिडकीवर आली की जागा लागत नाही. ही सर्वात जास्त होणारी चूक आहे. बहुतेक यंत्रांवर तिथे ‘इथे झाकू नका’ असं लिहिलेलं असतं, पण घाबरलेला माणूस ते वाचत नाही. म्हणून घरी डोळे मिटून अँटेना उघडायचा सराव करा. फक्त बटण दाबू नका.

एकदा चालू केला की मदत येईपर्यंत चालूच ठेवा. बॅटरी वाचवायला बंद-चालू केलं तर शोधणाऱ्यांना तुमचा माग मिळत नाही. ४०६ सोबत तो १२१.५ मेगाहर्ट्झवर एक क्षीण सिग्नलही देत राहतो, आणि जवळ आलेलं हेलिकॉप्टर किंवा बोट त्यावरून दिशा धरते.

फक्त १२१.५ वर चालणारा जुना बीकन घरात पडून आहे. चालेल?

उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून ती लहर ऐकणं थांबवलं आहे. नाही.

लहान फायबर बोटीला स्वयंचलित ईपर्ब बसवावा का?

मोठ्या जहाजावर पहिल्या श्रेणीचा ईपर्ब एका खोक्यात असतो. त्यातली हायड्रोस्टॅटिक कळ दीड ते चार मीटर खोलीच्या दाबाला कापली जाते, ईपर्ब सुटून वर येतो आणि पाणी लागल्यावर आपोआप सुरू होतो. जहाज बुडतं तेव्हा ही रचना अप्रतिम काम करते.

फायबरची होडी मात्र बहुधा बुडत नाही, उलटते आणि पालथी तरंगत राहते. ईपर्ब मग उलट्या बोटीखाली, मीटरभर पाण्यात अडकून बसतो. कळ कापली जाण्याइतका दाब येतच नाही. म्हणून लहान बोटीसाठी दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे हाताने काढायचा ईपर्ब घ्या. तो केबिनच्या आत खोल न ठेवता सुकाणूजवळ, दाराशी, एका हाताने ओढता येईल असा बसवा. नाहीतर तांडेलाच्या लाइफजॅकेटला पीएलबी. उलटलेल्या बोटीखालून माणूस बाहेर आला की यंत्र त्याच्यासोबत आलेलं असतं.

ईपर्बची दोरी कधीही बोटीला बांधू नका. बोट गेली तर ती त्याला घेऊन जाते. ती लाइफराफ्टला किंवा माणसाला बांधण्यासाठी असते. हायड्रोस्टॅटिक कळ दोन वर्षांनी बदलावी लागते, तारीख तिच्यावर कोरायची असते. रंगकाम करताना तिच्यावर रंगाचा ब्रश फिरला तर ती गेलीच समजा.

मासेमारी नौकेवर सरकारी ट्रान्सपाँडर किंवा डॅट आहे. वेगळा ईपर्ब लागेल?

डॅट हे संकटाचा इशारा देणारं यंत्र इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलं आणि २०१० पासून ते वापरात आहे. त्याचा संदेश भारतीय उपग्रहावरून त्याच बेंगळुरूच्या केंद्रात जातो आणि पुढे तटरक्षक दलाकडे. नव्या पिढीच्या डॅटमध्ये ‘तुमचा इशारा पोचला’ अशी पोचपावती परत येते आणि ते ब्लूटूथने मोबाइलला जोडता येतं. घाबरलेल्या माणसाला त्या पोचपावतीचा मोठा आधार असतो. शिवाय ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधून देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी संदेश देणारी-घेणारी यंत्रं, बसवण्याची योजना सुरू झाली.

तुमच्या नौकेवर यातलं काही असेल तर नेहमीच्या मासेमारीसाठी ते चांगलं आहे. त्याचा उपयोग हाताशी असला तरच. ट्रान्सपाँडर बोटीला घट्ट बसवलेला असतो, बोट उलटली की त्याची वीजही जाते. अनेक दिवसांच्या फेरीला जाणाऱ्या ट्रॉलरवर म्हणूनच एखादा वेगळा, हातात धरता येणारा बीकन असावा.

नोंदणी खरंच इतकी महत्त्वाची आहे का?

हो. बीकनच्या प्रत्येक झटक्यात १५ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक जातो. केंद्रातला अधिकारी आधी तो नोंदणीत शोधतो आणि तिथे दिलेल्या नातेवाइकाला फोन करतो: ‘बोट खरंच बाहेर आहे का? किती माणसं? कुठून निघाली?’ दोन मिनिटांत उलगडा होतो. नोंदणी नसेल तर तेवढीच माहिती मिळवायला वेळ जातो, तोही ऐन संकटात.

भारतीय बीकनमध्ये देशाचा ४१९ हा कोड भरलेला असावा लागतो आणि नोंदणी बेंगळुरूच्या केंद्राकडे मोफत होते. संपर्कासाठी दोन फोन नंबर द्या, तेही बोटीवर नसणाऱ्या माणसांचे. पती-पत्नी दोघं एकाच बोटीवर आणि संपर्कात एकमेकांचेच नंबर, असं फार होतं. बोट विकली, नंबर बदलला, बोटीचा रंग बदलला तर नोंदही बदला.

परदेशातून आणलेला किंवा भंगारबाजारातला बीकन वापरता येईल?

जहाजं मोडतात त्या दारूखान्याहून किंवा अलंगहून जुन्या जहाजाचा ईपर्ब स्वस्तात मिळाला, तर तो घेऊ नका. त्यात जहाजाच्या मूळ देशाचा कोड असतो, बॅटरी संपत आलेली असते, आणि चालू झाला तर चौकशी भलत्याच देशात सुरू होते. परदेशातून नवा आणायचा असेल तर विक्रेत्याकडून भारताचा कोड भरून घ्या, आणि त्याआधी दूरसंचार विभागाकडून आयात व वापराच्या परवानगीबद्दल लेखी विचारणा करा.

उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र बीकनऐवजी चालेल का?

भारतात सांभाळून. इरिडियम किंवा थुराया या उपग्रह सेवांवर चालणारे फोन आणि मेसेंजर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रासह आलेल्या परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. परदेशातून सुट्टीला येणाऱ्या मराठी मंडळींनी ते यंत्र तिकडेच ठेवावं.

चुकून चालू झाला. गुपचूप बंद करून टाकू?

बंद करा, पण गुपचूप नको. लगेच तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करून बीकनचा ओळख क्रमांक, जागा आणि काय झालं ते सांगा. फोन लागत नसेल तर व्हीएचएफच्या चॅनल १६ वर. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही. न कळवल्यास विमान आणि बोट निघतात.

ईपर्ब बहुधा धुण्या-रंगवण्याच्या वेळी चुकून चालू होतो. बैठकीत असताना तिथलं चुंबक त्याचा पाण्याचा स्विच रोखून धरतं. बैठकीतून काढून ओल्या डेकवर ठेवला की तो समजतो, आपण समुद्रात पडलो.

चाचणी आणि बॅटरी कशी सांभाळायची?

महिन्यातून एकदाच ‘टेस्ट’ चं बटण, ‘ऑन’ चं कधीच नाही. टेस्टचा सिग्नल वेगळ्या खुणेसह जातो, त्यामुळे कुणी निघत नाही. जीपीएसची वेगळी चाचणी बॅटरी जास्त खाते आणि काही यंत्रांत ती मोजक्याच वेळा करता येते. वर्षातून एकदा पुरे.

बॅटरीवर संपण्याची तारीख छापलेली असते, साधारण ५ ते १० वर्षांची. बीकन एकदा खऱ्या अर्थाने चालू झाला, अगदी दहा मिनिटांसाठीही, तर तारीख काहीही असो, बॅटरी बदलावी लागते. ती अधिकृत सेवा केंद्रातच बदला. गल्लीतल्या दुकानात झाकण उघडलं की पाणी रोखणारा सील गेला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत बोट ओढून वर ठेवलेली असते, तेव्हाच ओ-रिंग, कळ आणि तारखा तपासून घ्या.

विमानात नेता येतो का?

पीएलबीची लिथियम बॅटरी असल्यामुळे तो हातातल्या सामानात ठेवा आणि विमान कंपनीला आधी विचारून घ्या. अँटेनावरचं सील शाबूत असावं. सामान उतरवताना अँटेना उघडून बीकन चालू झाला, तर बचाव केंद्राला तुमची जागा दिसेल ती विमानतळाच्या सामानपट्ट्यावर.